फुलाखालचा डोंगर

या, असे पुढं सरका. खांबाला टेकून बसलात तर डुलकी लागेल, आणि डुलकीत ऐकलेली गोष्ट उंबऱ्यापाशीच सांडते. सतरंजीवर जागा आहे अजून. पोरांना मांडीवर घ्या, टाळ जरा बाजूला ठेवा. आज एका फुलाची गोष्ट सांगायची आहे. फूल सदऱ्याच्या गुंडीएवढं, त्याचं चित्र भिंतीएवढं, आणि त्या दोहोंच्या मध्ये उभा राहिलेला एक म्हातारा.

कीर्तनात बघा, बुवा एकच चरण घोळवून घोळवून म्हणतात. समोर दोनशे माणसं. घरी जाताना एकेकाला विचारा, काय ऐकलंत? सासुरवाशिणीनं माहेर ऐकलेलं असतं, कोर्टात तारखा चाललेल्यानं न्याय ऐकलेला असतो, आणि ज्याचं पोर फौजेत आहे त्यानं तर बुवांनी न उच्चारलेलं गावच ऐकलेलं असतं. ज्याचं जिथं दुखतं तिथं त्याला चरण लागतो. चित्राचंही तसंच असतं. एवढा पूर्वरंग पुरे. आता कथा.

आटपाडीच्या अंगाला तात्याबा नावाचा मेंढपाळ होता. होता म्हणजे आहे अजून, देवाच्या दयेनं. सत्तरी उलटली, पण पाठ काठीसारखी सरळ. पूर्वी दोनशे मेंढरं घेऊन दिवाळी झाली की पश्चिमेला उतरायचा. आता चाळीसच राहिली, शिवाय थोडं डाळिंब. त्याला लेक एकच, माया. ती चार वर्षांची असताना तिची आई, दगडाबाई, वाटेवरच वारली. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं रस्त्यावर, आणि चार वर्षांचं पोर. तात्याबानं ते पोर कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी दिलेल्या आपल्या बहिणीच्या, अंबूबाईच्या, ओटीत घातलं आणि तो पुढं चालता झाला. करणार काय? मेंढरू थांबत नाही.

माया आत्याकडं उसाच्या गारव्यात वाढली. तिथल्या शाळेत चित्रकलेला नानासो सर होते, त्यांनी तिच्या हातात कुंचला दिला. पुढं ती सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवू लागली आणि घरी भल्यामोठ्या कापडावर फुलं काढू लागली. एकेक पाकळी जेवणाच्या पाटाएवढी.

दगडाबाईचा फोटो नव्हता. एकही नाही. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक होता, आपल्याकडं गेलेल्या माणसाचा करतात तसा. माया सुट्टीत आटपाडीला आली की तो हातात घेऊन बघायची. पण सोनाराचा साचा एकच. आजीचा टाक, पणजीचा टाक, आईचा टाक, सगळ्यांची तोंडं सारखीच. आत्याला विचारावं तर आत्या म्हणायची, "बाई, दोन-चारदा बघितलं आसंल. ती कायम वाटंवर, मी हिकडं. आन पदर नाकापातुर."

मग राहिला बाप.

"आबा, आई कशी दिसायची?"

"चांगली व्हती."

"म्हंजी कशी?"

"चांगली." एवढं म्हणून तात्याबा उठायचा आणि आभाळ बघायला बाहेर जायचा. आभाळात काही नसलं तरी बराच वेळ बघायचा.

त्याला आठवत नव्हतं असं नाही. सगळं आठवत होतं. पण दगडाबाईचं नाव घेऊन तोंड उघडलं की पहिल्यांदा बाहेर पडणार होती ती एकच गोष्ट: ती थांबा म्हणाली होती आणि हा थांबला नव्हता. तीस वर्षं ती गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. लेकीला तर मुळीच नाही. आईवेगळ्या पोरीला हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

तर गेल्या माघात मायाचा फोन आला. सांगलीत वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिच्या फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. नानासो सर निवृत्त झाले होते, त्यांनीच पुढाकार घेतला होता.

"आबा, या एकडाव. सा फुलं हायती. पाच वळखीची हायती, पर सावं कुटलं ते मलाच म्हाईत न्हाई. लहानपणापास्नं डोळ्यापुढं येतंय, तसं काढलंय. तुमी वळखचाल."

"मला काय चित्रातलं कळतंय गं?"

"चित्रातलं नगा सांगू. फुलातलं सांगा."

तात्याबानं बरं म्हटलं. पण पोरगी फुलावरून सुरू करणार आणि आईवर येणार, हे त्याला ठाऊक होतं. चारची परतीची एस.टी. धरायची, असं त्यानं घरूनच ठरवून ठेवलं.

सांगलीच्या स्टँडवर त्याला न्यायला पुतण्या तानाजी आला होता. कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. गाडीवर मागं बसवून म्हणाला, "तात्या, घट्ट धरा."

"मी काय कोकरू हाय व्हय रं? तू म्होरं बघ."

"फेटा धरा म्हणतोय. मागल्या टायमाला उडाला तवा मलाच पळाय लावलंसा."

हॉलच्या दाराशी तात्याबानं वहाणा काढल्या. तानाजी म्हणाला, "आवं, हितं चालत्यात." तात्याबा म्हणाला, "जिथं माणसं हळू बोलत्यात तिथं काढाव्यात."

आत पंधरा-वीस माणसं होती. माया आली, वाकून पाया पडली. साडीला रंगाचा डाग होता. तात्याबाला एकदम वाटलं, डोक्यावरून हात फिरवावा, पण एवढ्या लोकांत हात अर्ध्यातूनच फेट्याकडं गेला. "तुमी बघा सावकाश," ती म्हणाली, आणि पाहुण्यांकडं गेली.

तात्याबा भिंतीच्या कडेनं निघाला. पहिलं चित्र पिवळ्या-नारिंगी काटेरी झुबक्याचं. "करडई," तो तानाजीला म्हणाला. "कवळी आसंल तर मेंढरं खात्यात. काटं आलं की न्हाई." दुसऱ्यापुढं उभा राहिला. "तरवड. ह्याला शेरडूसुदिक तोंड लावत न्हाई." तिसऱ्यापुढं, "बाभळ. शेंगा पायजेत, फुलाचं काय करायचं?"

शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरी तोंडावर हात धरून हसल्या. पण हसण्यासारखं काय होतं त्यात? ज्याच्या पोटाची नाळ मेंढरांशी जोडलेली, तो फुलाकडं मेंढराच्या तोंडानंच बघणार.

सगळ्यात जास्त गर्दी सहाव्या चित्रापुढं होती. आठ फूट रुंद, आठ फूट उंच. पाच पिवळ्या पाकळ्या. पिवळ्या म्हणजे हळदीच्या नव्हेत, लिंबाच्या. मध्यात फिकट हिरवं. पाकळ्या चारही बाजूंनी कापडाबाहेर निघून गेलेल्या, जणू फुलाला भिंत पुरली नव्हती. आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी उंचवटा, डोंगरासारखा. डोंगराच्या माथ्यावर उभी चीर, पावसानं घळ पडावी तशी. खाली नावाच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलं नव्हतं. शेजारी टेबलावर नानासो सरांनी वही ठेवली होती: काय दिसलं ते लिहा.

लोक लिहीत होते कमी आणि बोलत होते जास्त.

खंडाळ्याचे सुभेदार इंद्रजित, फौजेतून निवृत्त झालेले, हात मागं बांधून म्हणाले, "हा सूर्य आहे. रात्रभर पहारा केला की पहाटे समोरच्या डोंगराआडून असाच येतो. आमच्या चौकीसमोर डोंगर होता, त्याला अशीच घळ होती. रोज वाटायचं, चला, आणखी एक दिवस मिळाला."

कुपवाडचे कारखानदार आप्पासो मान तिरकी करून बघत होते. "सुभेदार, राग मानू नका, पण मला ह्यो पंपातला पंखा दिसतोय. पाच पाती. बॅलन्स बी एकदम बरोबर हाय."

"आप्पासो, तुम्हाला देवळाच्या कळसात पण मशिनीतलं बुशिंग दिसंल," कुणीतरी म्हणालं.

"दिसतंयच की. कळस फिरत न्हाई म्हणून बरं."

प्राध्यापक संयोगिता बाई वहीत लिहिता लिहिता थांबल्या. "मला वाटतं हा डोंगर म्हणजे ओझं. आणि फूल त्याला न जुमानता उमललंय. कुठल्याही बाईचं मन असतं तसं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईचं होतं."

गणपतीच्या देवळाबाहेर हार विकणाऱ्या मनुबाई पायरीवरची टोपली भाचीकडं देऊन आल्या होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता. "कुटल्या देवाला चालतंय हे? चाळीस वर्सं फुलं इकतीय, पर हे काय माझ्या हातात आलं न्हाई."

कुणाचं खोटं होतं? कुणाचंच नव्हतं. चित्र काही बोलत नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं बोलावं म्हणून.

माणसं बाजूला झाली आणि तात्याबा चित्रापुढं आला.

त्यानं वर बघितलं. भुवया आक्रसल्या. मग त्यानं घाईनं उजवा पाय उचलला, तळवा वळवून बघितला, डावा उचलला, तोही बघितला, आणि जमिनीकडं बघत बघत, एकेक पाऊल हुडकून टाकत तो सरळ दाराबाहेर गेला.

माया धावत मागं आली. तिचा चेहरा उतरला होता. "आबा, निघालासा?"

तात्याबा बाहेर वहाणांत पाय घालत होता. "न्हाई गं. आत सराटा हाय."

"काय हाय?"

"सराटा. त्यात अनवाणी कसं शिरायचं? फूल एवढं, तर काटा केवढा आसंल?"

तानाजीला हसू आवरेना. दारातली माणसंही हसली. तात्याबाही ओशाळून हसला. "हसा रं. मला बी कळतंय रंग हाय ते. डोळ्याला कळलं, पायाला कळलं न्हाई. सत्तर वर्सं मेंढरांच्या मागं चाललोय. सराटा दिसला की पाय आपसूक उचलतोय."

"पर सराटा म्हंजी काटा," माया म्हणाली. "त्याला फूल आसतंय?"

"मग काटा काय आभाळातनं पडतोय? सकाळच्या पारी उमलतंय, दुपारी मिटतंय, गुंडीएवढं. सराटा समद्यांच्या पायाला ठावं हाय पोरी, डोळ्याला कुणाच्या न्हाई."

मनुबाई हळूच म्हणाल्या, "तरीच. देवाला कोण व्हाईल काट्याचं फूल?"

संयोगिता बाईंनी मायाला विचारलं, "मग एवढंसं फूल एवढं मोठं का केलंत?"

मायानं बोटावरचा रंग चोळला. "मी मोठं न्हाई केलं बाई. मला ते एवढंच आठवतं. लय लहान होते. सगळीकडं पिवळं, दुसरं काहीच नाही. कडेला हा डोंगर. आणि पिवळ्याच्या मागनं कुणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते कळत नाही, पण भ्या वाटत नाही. कुठलं गाव, कुठला डोंगर, काही म्हाईत नाही. दहा-बारा वेळा काढून पुसलं, तवा ह्या येळी जमलं."

तात्याबा वहाणेचा अंगठा सावरत होता. तो तसाच वाकलेला राहिला. जरा वेळानं उठला आणि वहाणा करकर वाजवत परत आत गेला. या वेळी तो फुलाकडं बघत नव्हता. उजव्या कोपऱ्यापाशी जाऊन तो गुडघ्यावर बसला, आणि डोंगरापुढं तोंड नेलं, इतकं जवळ की नानासो सर "अहो, रंग..." म्हणून पुढं आले आणि मायानं त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

तात्याबानं बोट लावलं नाही. नुसतं त्या घळीवरून हवेतच वरून खाली फिरवलं.

"ह्यो डोंगर न्हाई," तो म्हणाला.

माणसं पुढं झुकली.

"आंगठा हाय. तुज्या आयचा." त्यानं आपला अंगठा पुढं धरून नखावर उभी रेघ ओढून दाखवली. "बाजरी काढताना इळा लागला व्हता. नख मधनं चिरलं ते तसंच वाढत ऱ्हायलं, जन्मभर. ही चीर ती हाय."

माया त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिनं स्वतः काढलेला तो डोंगर ती पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघत होती.

चारची एस.टी. धरायची तर आता उठायला हवं होतं. हे तात्याबाच्या मनात आलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. उठला असता तर कुणी अडवलं नसतं. पण पोरीनं आईचा अंगठा तीस वर्षं डोळ्यांत सांभाळला होता, कुणाचा आहे हे ठाऊक नसताना. त्याच्यापुढं आपलं गप्प बसणं त्याला फार हलकं वाटलं.

"दिवाळी झाली व्हती," तो म्हणाला. "आपून पश्चिमेला निघालो व्हतो. म्होरं एका शेतकऱ्यानं मेंढरं बसवायला रान दिलं व्हतं, खतासाठी. दुसरा कळप यायच्या आत पोचायचं व्हतं. सकाळचं ऊन. तू चालत व्हतीस आयच्या मागनं. पायात सराटा मोडला, तू भोकाड पसरलंस. ती खाली बसली. तुला मांडीवर घेतलं. डाव्या हातानं ते फूल खुडून तुज्या डोळ्याम्होरं धरलं, हे आसं, अगदी डोळ्याला लावून. आन उजव्या हातानं चिमट्यानं काटा काढाय लागली. तू रडायची थांबलीस. फूलच बघत बसलीस."

"मग मला तिचं तोंड..."

"दिसणार कसं? फुलाच्या मागं व्हतं."

सुभेदारांनी हात मागचे सोडून पुढं घेतले.

"मी म्होरं व्हतो," तात्याबा म्हणाला. "वळून वरडलो, चला म्हणून. ती म्हणली, थांबा वाईच, पोरीला फूल दावते. दोन दिस ताप व्हता तिला अंगात. मला ठावं व्हतं. म्हणलं रानात पोचू, मग डागदर बघू. मी थांबलो न्हाई माया. रानात पोचलो, आन तिसऱ्या दिशी ती गेली. थांबलो आसतो तर... ते काय सांगता येत न्हाई. पर थांबलो न्हाई. म्हणून तुला कंदी काय सांगितलं न्हाई."

झालं. तीस वर्षं पायात मोडलेला काटा तो. निघताना रक्त येणारच.

मायानं डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. मग म्हणाली, "आबा, तुमी वळून बघितलंसा म्हणलासा न्हवं?"

"व्हय."

"मग तुमाला ती दिसली. मी फूल बघत हुते. फुलाच्या मागचं फकस्त तुमी बघितलंय. मला सांगा."

तात्याबा तिच्याकडं बघत राहिला. वळून बघूनही थांबलो नाही म्हणून तो आयुष्यभर स्वतःला शिव्या घालत आला, आणि तेच वळून बघणं पोरगी ओंजळ करून मागत होती.

"हनवटीवर तीन ठिपकं गोंदलेलं," तो हळूहळू म्हणाला. "पदर खांद्यावर पडला व्हता, काटा काढायच्या नादात. कपाळावर घाम. जीभ आशी वटाच्या कडंला दाबलेली."

"मी रंगवताना दाबते तशी," माया म्हणाली.

"व्हय. तशीच." मग तो पहिल्यांदा मोकळं हसला. "आन माज्यावर डोळं वटारलं. वरडू नगा म्हणून. लय तिखट व्हती तुजी आय. चांगली व्हती म्हणत आलो मी, पर तिखट व्हती."

"आबा, आता चारच्या गाडीनं जायचं न्हाई. थांबा."

तात्याबानं तानाजीकडं बघितलं. "मेंढरांना मळ्यातला गडी गुंडा बघंल का रं दोन दिस?"

"आठ दिस बघंल. मी फोन करतो."

"मग थांबतो," तात्याबा म्हणाला, आणि या वेळी त्याचा हात फेट्याकडं गेला नाही. तो लेकीच्या डोक्यावरून फिरला.

निघताना नानासो सरांनी वही पुढं केली. तात्याबाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तानाजीनं त्याच्या तोंडचं लिहून घेतलं: फुलाच्या मागं दगडाबाई हाय.

प्रदर्शन आणखी पाच दिवस चाललं. आलेली माणसं वही वाचायची, आणि बऱ्याच जणांनी चित्राच्या कडेला जाऊन, मान वाकडी करून, मागं डोकावून बघितलं म्हणतात. मागं लाकडी चौकट होती आणि पांढरी भिंत होती. तरी कुणी फसवल्यासारखं तोंड करून परतलं नाही. आप्पासोंनी तर दोनदा बघितलं. आणि मनुबाईंनी शेवटच्या दिवशी चित्राखाली शेवंतीचं एक फूल ठेवलं. कुटल्या देवाला चालतंय, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

माया आता एक चेहरा रंगवते आहे. तात्याबा महिन्यातून एकदा एस.टी.नं येतो, समोर बसतो आणि सांगतो, ठिपकं वाईच खाली घे, डोळं आजून वटार. अजून जमलेलं नाही. जमेल, घाई नाही कुणाला.

तर मंडळी, आरतीची वेळ झाली, तुम्हाला अडवत नाही. एवढंच मागणं आहे. उद्या-परवा रानात, देवळाच्या वाटेवर, कुठं पायात सराटा मोडला, तर शिवी द्यायच्या आधी खाली बसा आणि आसपास त्याचं फूल दिसतंय का बघा. दिसलं तर डोळ्याजवळ धरा, अगदी जवळ. आणि काटा काढता काढता आटपाडीच्या दगडाबाईची आठवण काढा.